मंडळी आत गेली

१

ऑपरेशननंतर शुद्धीवर आल्यावर दादाने पाणी मागितलं नाही, की पायाचं काही विचारलं नाही. पहिलं बोलला ते, "मंडळींचं काय?"

नर्सला वाटलं, याला बायकामुलं असतील. "घरच्यांना कळवलंय ना?" असं तिने मला विचारलं. मी म्हटलं, घरची म्हणजे मीच, धाकटी बहीण. मंडळी म्हणजे याच्या टाकीतले किडे.

ती हसली नाही. सलाइनची नळी उगाच एकदा चाचपून निघून गेली.

खाऱ्या पाण्याच्या टाकीत लोक रंगीत मासे पाळतात. दादाही आधी मासेच पाळायचा. मग कधीतरी त्याने मासे देऊन टाकले आणि हे किडे आणले. करंगळीएवढ्या जाडीच्या मळकट, कातडी नळ्या, दगडांच्या फटींत रोवलेल्या. प्रत्येक नळीच्या तोंडातून एक गोल तुरा बाहेर आलेला, पिसांचा असावा तसा. कुठे पांढरा, कुठे तपकिरी पट्ट्यांचा, एखादा जांभळट. लांबून पाहिलं तर फुलंच. पण नुसती सावली अंगावरून गेली तरी तुरा सपकन नळीत जातो. डोळ्यांना जाताना दिसतसुद्धा नाही. आत्ता होता, आता नाही. परत बाहेर यायला मात्र त्यांना भरपूर वेळ लागतो.

"यांना तोंड नाही, डोळे दिसत नाहीत, तुला ओळखत नाहीत," मी त्याला एकदा म्हटलं होतं. "कशाला पाळायचं असलं काही?"

"लक्ष असतं त्यांचं," तो म्हणाला होता.

दादाचं बोलणं असंच, निम्मं पोटात. आई गेल्यापासून आमचं भेटणं फारसं उरलं नव्हतं. भांडण नव्हतं, भांडायलाही येणं-जाणं लागतं. मी शहराच्या एका टोकाला एकटी, तो दुसऱ्या टोकाला एकटा. त्याच्या खुब्याचं हाड मोडलं नसतं तर त्या वर्षात आम्ही एकमेकांना बघितलं असतं की नाही, कोण जाणे.

खाटेवर पडल्या पडल्या त्याने मला सगळं हातवारे करून शिकवलं. आधी पंप बंद करायचा, नाहीतर खाणं वाहून जातं. फ्रीजमधली हिरव्या शेवाळाची बाटली नीट हलवायची. टाकीतलंच पाणी कपात घेऊन त्यात ते कालवायचं. लांब तोंडाच्या सिरिंजने ते प्रत्येक तुऱ्याच्या जरा वर, जरा बाजूला सोडायचं. "तोंडावर मारायचं नाही, बारके. ढग करायचा. ती आपापलं घेतात." मग थोडं थांबायचं, आणि पंप पुन्हा सुरू.

"आणि?"

"आणि काही नाही," तो म्हणाला. मग जरा थांबून, "खुर्ची आहे तिथेच राहू दे."

२

दादाचं घर तिसऱ्या मजल्यावर. दार उघडलं की लांबट बाहेरची खोली, दाराजवळच्या कोपऱ्यात ओटा, आणि पार दुसऱ्या टोकाला आतल्या खोलीचं दार. डाव्या भिंतीला लागून टाकी, जवळजवळ या दारापासून त्या दारापर्यंत पोचणारी. टाकीच्या समोरच्या भिंतीत खिडकी, खिडकीखाली एकच खुर्ची. तिची पाठ भिंतीला अगदी चिकटवलेली. आत जायचं तर टाकी आणि खुर्ची यांच्यामधूनच जायला लागायचं.

गादी बाहेरच्या खोलीत, खुर्चीच्या शेजारी जमिनीवर होती. आतल्या खोलीत पलंग होता, पण नुसत्या फळ्यांचा. उकाड्यामुळे बाहेर झोपत असेल, असं मी धरून चालले. रोज दोन बस बदलून येण्यापेक्षा तो बरा होईपर्यंत इथेच राहावं, म्हणून गादी ओढत आत नेली आणि पलंगावर घातली. पलंग कुरकुरला. घर काही वाईट नव्हतं. पंपाची गुणगुण सतत चालू, गाळणीतून पाण्याची बारीक धार. माझ्या खोलीत असा आवाज करणारं काही नाही. मला ते आवडलं.

पहिले काही दिवस मी मंडळींना घाबरवण्यातच घालवले. मी वाकले की सगळी आत. सिरिंज पाण्यात गेली की आत. शिंक आली तर विचारायलाच नको. पण हळूहळू हात बसला. ढग कसा करायचा ते जमलं. हिरवा धूर तुऱ्यांवरून सरकायचा, आणि ती पिसं अगदी बारीक, जवळजवळ न दिसण्याइतकी हलायची. लहान मूल जेवताना बघत बसावं तशी मी बघत बसायचे.

एका संध्याकाळी कामावरून आले, त्यांना खायला घातलं, पंप लावला आणि खुर्चीत टेकले. हात मांडीवर. खिडकीतून उजेड येत होता. सगळे तुरे उघडे होते.

आणि दाराच्या बाजूचा पहिला तुरा आत गेला.

मग त्याच्या शेजारचा. मग पुढचा. मग त्याच्या पुढचा. एकदम सगळे नाही. ओळीने, एकामागून एक, घाई नाही, थांबणं नाही. डावीकडून उजवीकडे. शेवटचा, आतल्या खोलीच्या दाराजवळचा, मिटला आणि टाकीत फक्त दगड आणि नळ्या राहिल्या.

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. म्हटलं, ढग असेल. आकाश स्वच्छ होतं.

३

माझं काम कान तपासायचं. काचेच्या लहानशा बंद खोलीत माणसाला हेडफोन लावून बसवायचं, बाहेरून यंत्राने बारीक आवाज सोडायचे. ऐकू आला की त्याने बटण दाबायचं. इतकी वर्षं हे केल्यावर एक गोष्ट मला पक्की कळली आहे. आवाज सोडलेला नसतानाही लोक बटण दाबतात. त्यांना नापास व्हायचं नसतं. शांततेत बसवलं की माणूस काहीतरी ऐकतोच. त्यात खोटेपणा नसतो. खरंच ऐकू येतं त्यांना.

म्हणून स्वतःच्या डोळ्यांवर माझा फारसा भरवसा नाही. मी एकटी, दमलेली, परक्या घरात. मला काहीही दिसलं असतं तर मी ते सोडून दिलं असतं. पण मला काही दिसलंच नव्हतं. बटण मंडळींनी दाबलं होतं. आणि त्यांना पास-नापासाचं काही सोयरसुतक नव्हतं.

दवाखान्यात दादाचा पाय वजन बांधून टांगल्यासारखा ठेवला होता. मी डबा उघडत होते तेव्हा त्याने विचारलं, "मंडळी आत गेली होती का?"

"मी जवळ गेले की जातात."

"तसं नाही. तू बसलेली असताना."

मी डबा खाली ठेवला. "काल गेली. आजही."

"कुठल्या बाजूने?"

हे त्याने ज्या सुरात विचारलं तो सूर मला नंतर आठवत राहिला. पाण्यात मीठ किती आहे हे विचारावं तसा होता.

"दाराकडून आतल्या खोलीकडे."

"मग ठीक," तो म्हणाला. "परत उघडतात ना? खातात ना?"

"खातात. पण का जातात रे?"

"जुनी इमारत आहे. हादरे बसतात." उत्तर तयारच होतं. "भात जरा मोकळा करत जा, बारके. गोळा होतो."

४

हादऱ्यांचं मी तपासायचं ठरवलं. काचेच्या ग्लासात काठोकाठ पाणी भरून टाकीसमोर जमिनीवर ठेवलं. खिडकीचा पडदा ओढला. दाराची कडी लावली, वरची खालची दोन्ही. पंखा बंद. टाकीवरचा दिवा तेवढा चालू. खुर्चीत बसले आणि पाय वर घेतले, लहानपणी जमिनीवर झुरळ दिसलं की घ्यायचे तसे.

मंडळी आत गेली. डावीकडून उजवीकडे, ओळीने. ग्लासातलं पाणी आरशासारखं स्थिर होतं.

मी उठले नाही. तुरे सावकाश, भीतभीत बाहेर आले, उघडले. मी वाट पाहिली. बराच वेळ पाहिली. खरं तर मला अजून एकच गोष्ट बघायची होती आणि ती झाली नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, त्या आठवड्यात एकदाही नाही.

उजवीकडून डावीकडे कधीच कोणी गेलं नाही.

रोज संध्याकाळी काहीतरी दारातून आतल्या खोलीत जात होतं. बाहेर येत नव्हतं.

मी आतल्या खोलीत जाऊन पाहिलं. पलंग, त्यावर माझी गादी, माझी चादर. भिंतीतलं कपाट, उघडून पाहिलं, दादाचे शर्ट. खिडकीला गज. पलंगाखाली वाकून पाहिलं, तिथे एक जुनी चप्पल आणि धूळ. धूळ सगळीकडे सारखी होती. मी सरळ उभी राहिले आणि लक्षात आलं की मी इतका वेळ पलंगाच्या कडेकडेने चालत होते. खोलीच्या मधोमध जागा रिकामी होती, तिथून जाणं मी टाळलं होतं. का, ते मला सांगता येणार नाही.

त्या संध्याकाळी मी गादी परत बाहेर ओढून आणली. खुर्चीच्या शेजारी टाकली. फरशीवर एक फिकट चौकोन होता, गादीच्या मापाचा. ती बरोबर त्यात बसली.

५

आता जे सांगणार आहे ते कोणाला पटेल असं वाटत नाही. मी निघून गेले नाही.

जायला हवं होतं. माझी खोली होती, कुलूप-किल्ली होती. पण त्या खोलीत संध्याकाळी मी आत शिरले की दिवा मी लावायचा, आणि सकाळी जिथे ठेवलेलं असेल तिथेच सगळं असायचं. वाटी, कंगवा, वर्तमानपत्र. माझ्या आधी कोणी आलेलं नसायचं, माझ्यानंतर कोणी येणार नसायचं. अशी किती वर्षं गेली ते मी मोजत नाही.

इथे कोणीतरी घरी येत होतं.

मी कामावरून लवकर निघायला लागले. ते यायच्या आधी चहा करून, कप घेऊन खुर्चीत बसलेली असायचे. पहिला तुरा मिटला की मी कप दोन्ही हातांनी घट्ट धरायचे, रोजच. पण शेवटचा मिटला की मला बरं वाटायचं. आलं. एकदा आलं की संध्याकाळ संपल्यासारखी वाटायची, दिवसाचं दार लागल्यासारखं. मग मी भाजी चिरायला घ्यायचे. एकदा तर तोंडातून निघून गेलं, "आज उशीर झाला." आणि मी एकटीच कानकोंडी होऊन कप विसळायला उठले.

खुर्चीही मी पुढे ओढली. भिंतीला टेकून बसलं की जांभळट तुरा नीट दिसत नव्हता. शिवाय संध्याकाळी पेपर वाचायला टाकीचा उजेड बरा पडायचा. मधली वाट त्यामुळे अरुंद झाली, पण तिथून जाणारी मी एकटीच होते, असं मी स्वतःला सांगितलं. हे सांगताना मला हसू आलं नाही.

६

मग ते बंद झालं.

एका संध्याकाळी मी चहा घेऊन बसले, आणि मंडळी उघडीच राहिली. चहा निवला. अंधार पडला. सगळे तुरे पसरलेले, पाण्याबरोबर डोलणारे. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी खाणं घालताना सिरिंज जरा जोरात आपटली. माझ्या हाताखालची आत गेली, बाकीची तशीच.

सुटले असं वाटायला हवं होतं. मला चुकल्यासारखं वाटत राहिलं. कामावर एका बाईंचे कान तपासताना मी आवाज सोडायलाच विसरले, आणि त्यांनी चार वेळा बटण दाबलं.

शेवाळाची बाटली संपत आली होती, म्हणून दादा जिथून सामान घ्यायचा त्या दुकानात गेले. दुकानदार जाडजूड, बडबड्या माणूस. सगळ्या भिंतींना टाक्या, आणि हा मधे उभा राहून भजन म्हटल्यासारखा प्रत्येक माशाची किंमत म्हणणारा. दादाचं नाव सांगताच त्याने मला स्टूल दिलं.

"तुमचे बंधू म्हणजे अजब गिऱ्हाईक. सोन्यासारखे मासे मला परत देऊन टाकले. म्हणाले, हे सगळे आपल्याच नादात फिरतात, यांचा उपयोग नाही. मी म्हटलं, साहेब, मासा उपयोगासाठी पाळतात होय?"

मी विचारलं, किडे आत जायचे थांबले तर काय समजायचं. आजारी आहेत का?

"तुरे गळतात का? नळी सोडून बाहेर येतात का? नाही ना? मग ठणठणीत आहेत. सवय झाली असेल. तीच सावली रोज पडायला लागली की ते मनावर घेत नाहीत. तुमचीही होईल सवय." त्याने बाटली कागदात गुंडाळली. "नाहीतर सावली हलत नसेल. टाकीवर फळी ठेवून बघा. एकदा आत जातील, मग फळीखाली उघडून खुशाल बसतील. त्यांना हलणं कळतं हो. असणं कळत नाही."

सुटे पैसे घ्यायला मी हात पुढे केला होता. तो तसाच राहिला.

"का हो, काय झालं?"

"काही नाही," मी म्हटलं.

७

मी घरी न जाता थेट दवाखान्यात गेले. दादा आता बसू लागला होता. वॉकरच्या आधाराने दोन पावलं टाकली म्हणून खुशीत होता. मी त्याला म्हटलं, "मंडळी आत जायची थांबली."

त्याचा चेहरा विझला. दुसरा शब्द मला सुचत नाही.

"कधीपासून?"

"तीन-चार दिवस."

"तू बसतेस कुठे?"

"तुझ्या खुर्चीत."

"खुर्ची भिंतीला आहे?"

"पुढे ओढली मी, पेपर वाचायला." त्याने डोळे मिटले. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा मोठ्याने घोरत होता.

"मी पडलो त्याच्या आधीही असंच झालं होतं," दादा म्हणाला. "बरेच दिवस उघडीच होती. मला वाटलं, संपलं. गेलं जे काय होतं ते. खुर्चीवरून उठून दुपारी टाकीपाशी गेलो, खाणं घालत होतो. निवांत होतो अगदी. जरा लांबून बघावं म्हणून मागे सरकलो."

"मग?"

"मागे जागा नव्हती."

"खुर्चीला अडखळलास?"

"खुर्ची भिंतीपाशी होती, बारके." त्याने माझ्याकडे पाहिलं. लहानपणी तो खोटं बोलायचा तेव्हा माझ्याकडे बघायचा नाही. "खोली मोकळी होती. आणि पाठीला कोणीतरी उभं असल्यासारखं लागलं. ढकललं नाही मला. मीच दचकून वळलो, आणि पाय गेला."

मला विचारायचं होतं की मग मला तिथे का पाठवलंस. त्याने ते माझ्या तोंडावर वाचलं असावं.

"पहिल्यांदा बरं वाटायचं मला," तो हळूच म्हणाला. "कोणीतरी येतं, असं वाटायचं. वाटलं, तुलाही..." आम्ही दोघं बहीण-भाऊ इतक्या वर्षांनी एकमेकांसमोर बसून एकाच गोष्टीची लाज वाटून घेत होतो.

शेवटी म्हणाला, "मंडळी दुकानात देऊन टाक. एकटी जाऊ नकोस. दुकानदाराला बरोबर ने."

८

रविवारी सकाळी दुकानदार टेम्पो घेऊन आला. खोलीत लख्ख ऊन होतं. त्याच्या बडबडीने घर भरून गेलं, आणि मला माझ्या भीतीचं हसू यायला लागलं. त्याने दिवा बघितला, पाण्यात बोट घालून चाखलं, छान म्हणाला. मग कपाळाला हात लावला.

"झाकणाचे डबे खालीच राहिले की. तुम्ही पंप तेवढा बंद करा आणि तो डावीकडचा दगड हलतो का बघा. मी आलोच."

त्याची पावलं जिन्यावरून खाली गेली. मी रबरी हातमोजा चढवला, कोपरापर्यंत येणारा, आणि पंप बंद केला.

खाणं घालताना मी रोज पंप बंद करत होते. पण तेव्हा गाळणी चालू असायची. आज दुकानदाराने खाली जाण्याआधी तीही बंद केली होती. त्या घरात मी पहिल्यांदाच पूर्ण शांतता ऐकली. कामाच्या ठिकाणी मी रोज तशा शांततेत असते. तिथे कान स्वतःचंच रक्त ऐकतात, मंद गुणगुण. तीही इथे होती. पण ती दोन जागांहून येत होती, असं मला वाटलं. एक माझ्या डोक्यात. एक जरा वर, डाव्या बाजूला.

मी ते मनावर घेतलं नाही. लोक बटण दाबतात. मी वरून हात पाण्यात घातला, दगडाला बोटं लावली, आणि तो कशाने अडलाय ते बघायला गुडघ्यांवर बसून काचेतून आत पाहिलं.

माझ्या दंडाखालची मंडळी मिटली होती. ते बरोबरच होतं. पाणी स्थिर झालं होतं, आणि खालून पाहिलं की त्याची वरची बाजू आरशासारखी दिसत होती, चकचकीत, तिच्यात दगड उलटे टांगलेले. एका जागी मात्र आरपार दिसत होतं. तिथे टाकीवरचा दिवा, माझा काळा हातमोजा पाण्यात शिरताना. आणि टाकीची कड.

कडेवर बोटं होती.

एका हाताची, चार. कड धरून ओणवं होऊन कोणी पाण्यात बघत असावं, तशी वाकलेली. टोकाला पांढरी पडलेली, भार दिल्यावर पडतात तशी. पाण्याखालून पाहिलं की एकाचे दोन दिसतात हे मला ठाऊक आहे. ती माझीच बोटं असतील, मी म्हटलं. पण माझ्या हातात काळा मोजा होता, आणि दुसरा हात मी जमिनीवर टेकला होता.

त्या बोटांच्या खाली, जवळजवळ त्यांना भिडून, जांभळट तुरा होता. पूर्ण उघडा. त्याच्या आजूबाजूचेही उघडे. निवांत डोलत होते.

मी वर पाहिलं नाही. वर बघायला मान मागे करावी लागली असती, आणि माझ्या मागे किती जागा आहे ते मला माहीत नव्हतं.

जिन्यावर पावलं वाजली, डबे एकमेकांवर आपटले. दुकानदार दारातूनच म्हणाला, "हलला का दगड?" आणि टाकीतली सगळी मंडळी एकदम आत गेली. त्याला बघून.

"अहो, तुम्ही अशा का बसल्या आहात?" त्याने विचारलं. मला उठवायला त्याला हात द्यावा लागला.

९

दादा आता माझ्याकडे असतो. त्याच्या घराला कुलूप आहे. मंडळी दुकानात आहेत. दुकानदाराचा मधे फोन आला होता, सगळी उघडली, छान खातात म्हणाला. दादाने ते ऐकून मान हलवली, पुढे काही विचारलं नाही.

माझी खोली दोघांना लहान पडते, पण बरं चाललं आहे. तो मोकळा भात करायला शिकवतो, मी त्याच्याकडून व्यायाम करून घेते. काठीने चालतो. वर्तमानपत्रातलं कोडं दोघं मिळून सोडवतो आणि त्यावरून वाद घालतो. एवढं आम्ही लहानपणीही बोललो नव्हतो.

फक्त एक रीत पडली आहे. कोणी ठरवली नाही. दुसरा खोलीत असेल तर आत येणाऱ्याने दाराशी थांबायचं आणि म्हणायचं, "मी आहे." मग आत यायचं. शेजारीण एकदा हे ऐकून खूप हसली. आम्हीही हसलो. पण सोडलं नाही.

परवा संध्याकाळी मी दाराकडे पाठ करून बटण टाकत बसले होते, दादाच्या शर्टाचं. मागे पावलं वाजली. दाराशी येऊन थांबली. मी दोरा दातात धरून वाट पाहिली.

कोणी काही म्हणालं नाही.

पावलांबरोबर काठी वाजली नव्हती, हे मला त्याच्यानंतर जाणवलं. न्हाणीघरात नळ चालू होता. दादा मघाशीच तोंड धुवायला गेला होता, आणि आतून त्याचं गुणगुणणं येत होतं.

मी सुई कापडातून बाहेर काढली. ताठ बसून राहिले. मागे वळून बघणं काही अवघड नव्हतं. पण दाराशी जे उभं होतं ते ताटकळत होतं, आमच्या घराची रीत माहीत असल्यासारखं. आणि कोणी दाराशी उभं आहे हे कळूनही गप्प बसणं मला कधीच जमलेलं नाही.

"मी आहे," मी म्हणाले.

थोडा वेळ तसाच गेला. मग पावलं आत आली.